ब्लूबेल रेल्वे : हॉर्स्टेड केन्सला उतरा, गाडी जाऊ द्या

आधी निकाल सांगतो, मग पुराण. इंग्लंडातल्या ब्लूबेल या जतन केलेल्या, वाफेच्या रेल्वेचं, दिवसभर कितीही वेळा चढा-उतरायची मुभा देणारं तिकीट काढा, हॉर्स्टेड केन्स स्टेशनात उतरा आणि गाडी जाऊ द्या. ती परत येईपर्यंत बाकावर बसा. आली की तीही जाऊ द्या. या टोकाला बसून त्या टोकाला गेलेली आणि त्याच डब्यातनं परत आलेली माणसं "छान आहे, पण लगेच संपतं" असं म्हणतात. त्यांनी गाडी बघितली. इथं बघायचं आहे ते स्टेशन.

मी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात स्टेशन मास्तर होतो. नोकरीतली बरीच वर्षं एकेरी लाईनवरच्या, चार-दोन गाड्या थांबणाऱ्या स्टेशनांवर गेली. मुलगी-जावई क्रॉलीला असतात, तिथनं ही रेल्वे जवळ आहे. सौ. निघतानाच म्हणाली, "जन्मभर स्टेशनच बघितलं. आता विमानात बसून इतक्या लांब आलो ते परत स्टेशन बघायला?" तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण जावयानं तिकिटं काढली होती आणि तिकिटाचे पैसे वाया घालवणं आमच्या दोघांच्याही रक्तात नाही. तर हा रिव्ह्यू एका मास्तरचा आहे. इंजिनांचे नंबर वहीत टिपून घेणाऱ्या शौकिनानं लिहिलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.

लंडनच्या दक्षिणेला, ससेक्स भागात ही लाईन आहे. लांबी ११ मैल, म्हणजे पावणेअठरा किलोमीटर. उत्तरेकडनं ईस्ट ग्रिन्स्टेड, किंग्सकोट, हॉर्स्टेड केन्स आणि शेफील्ड पार्क अशी चार स्टेशनं. वाफेचं इंजिन, वेग ताशी २५ मैलांच्या आत. सरकारचा पगारी नोकर यात कुणी नाही. थोडी पगारी माणसं संस्थेची, बाकी सगळे हौसेनं येऊन काम करणारे.

ही लाईन वाचली ती एका कागदामुळं, आणि रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला कागदाची गोष्ट इंजिनापेक्षा जास्त आवडते, म्हणून ती सविस्तर सांगतो. ल्यूइस ते ईस्ट ग्रिन्स्टेड ही लाईन १ ऑगस्ट १८८२ रोजी सुरू झाली. शेतातनं, जंगलातनं जाणारी, उतारू कमी. दूध, कोळसा, लाकूड असला माल. १९५५ साली ब्रिटिश रेल्वेनं ठरवलं की परवडत नाही, बंद करा. जूनमधली तारीख जाहीर झाली होती, पण मे महिन्याच्या शेवटी संप झाला आणि गाड्या बंद पडल्या त्या पडल्याच. आता चेली गावात मॅज बेसेमर नावाच्या बाई राहत होत्या. त्यांनी या लाईनचे मूळ कायदे काढून वाचले, १८७७ आणि १८७८ सालचे. त्यात जमीनदारांना दिलेलं वचन लिहिलेलं होतं, की या लाईनवर रोज चार गाड्या जायच्या आणि चार यायच्या. संसदेनं केलेला कायदा! तो संसदेनंच बदलल्याशिवाय लाईन बंद करणं बेकायदेशीर.

झालं. ७ ऑगस्ट १९५६ रोजी रेल्वेला गाड्या परत सुरू कराव्या लागल्या. पण कशा? बहुतेक वेळा इंजिनामागं एकच डबा. कायद्यात नावं असलेल्या स्टेशनांवरच थांबायचं, नाव नसलेल्या स्टेशनावरनं सरळ पुढं. वेळा अशा, की ना नोकरदाराच्या कामाच्या, ना शाळेतल्या पोरांच्या. लोक तिला 'रुसलेली गाडी' म्हणायचे. मी ही गोष्ट ऐकली तेव्हा मोठ्यानं हसलो, कारण वरच्या ऑफिसला एखादी गोष्ट मनातनं करायची नसली आणि नियमानं करावी लागली, तर ती कशी करतात हे मला शिकवायची गरज नाही. शेवटी संसदेत जाऊन ते कलम रद्द करून घेतलं आणि मार्च १९५८ मध्ये लाईन रीतसर बंद झाली.

पण मधल्या काळात या गाडीचं नाव वर्तमानपत्रांत गाजलं होतं. १९५९ सालच्या मार्चमध्ये काही तरुण पोरांनी पुढाकार घेऊन हेवर्ड्स हीथला सभा बोलावली आणि ही लाईन वाचवायला संस्था काढली. अध्यक्ष झाले बर्नार्ड होल्डन. हे गृहस्थ पेशानं रेल्वेतलेच, याच लाईनवरच्या बारकम स्टेशनच्या मास्तरचे चिरंजीव, जन्म १९०८ सालचा आणि तोही स्टेशनातल्या घरातच. १०४ वर्षं जगले, २०१२ साली गेले. माझ्या दोन्ही मुलांचं लहानपण रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलंय, मुलगी हे वाचून दाखवताना मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाबा, आपली क्वार्टर पाडली का हो?" पाडली.

७ ऑगस्ट १९६० रोजी यांची पहिली गाडी धावली. प्रमाण गेजवरची, म्हणजे तिकडच्या नेहमीच्या रुंदीच्या रुळांवरची, वाफेवर चालणारी, उतारूंसाठी नियमित धावणारी अशी ही पहिली जतन केलेली रेल्वे. त्यानंतर देशभर अशा रेल्वे झाल्या.

आम्ही ईस्ट ग्रिन्स्टेडहून चढलो. लंडनच्या व्हिक्टोरियाहून तासाभरात इथं येता येतं आणि मोठ्या स्टेशनातनं बाहेर पडून पाच मिनिटांच्या आत ब्लूबेलचा प्लॅटफॉर्म. हे टोक नवीन आहे, २३ मार्च २०१३ रोजी सुरू झालं, त्यामुळं इथं जुनं असं काही शोधू नका. गाडी निघाली की लगेच दहा कमानींचा विटांचा पूल लागतो. तो बघायला सगळे एका बाजूच्या खिडकीला जातात. मी जावयाला म्हणालो, पूल राहू दे, पुढची कटिंग बघ. इम्बरहोर्न कटिंग म्हणतात. लाईन बंद झाल्यावर पालिकेनं त्या खोल चरात घरगुती कचरा टाकून तो पार काठोकाठ भरून टाकला होता. ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत जायचं तर तो उपसायला हवा. यांनी लोकांकडनं दहा-दहा पौंड मागितले, कचरा उपसला आणि त्यातला बराचसा रेल्वेनंच वाहून नेला. आज तिथनं जाताना दोन्ही बाजूला गवत दिसतं, बाकी काही नाही. कुणी सांगितलं नाही तर कळणारही नाही की आपण पालिकेच्या उकिरड्यातनं चाललोय.

डब्याविषयी एक गोष्ट. जुन्या डब्यांत दाराला आतनं मूठ नसते. खिडकीच्या काचेला खाली जाड चामड्याचा पट्टा लावलेला असतो, पट्ट्याला भोकं, आणि दाराला पितळेचा खुंटा. पट्टा वर ओढून खुंट्यातनं सोडवायचा, मग काच आपल्या वजनानं खाली सरकते. ती जोरात आदळू नये म्हणून पट्टा हातात धरून हळूहळू सोडायचा. मग त्या उघड्या खिडकीतनं हात बाहेर काढून बाहेरची मूठ फिरवायची. नातीला हे करायला मिळालं आणि ती पुढं दिवसभर प्रत्येक स्टेशनात दार उघडायला पहिली. एक सूचना: काही डबे असे आहेत की एका कप्प्यातनं दुसऱ्यात जायला वाट नाही, त्यामुळं संडासही नाही. माझ्या वयाच्या माणसांनी चढण्याआधी स्टेशनातच जाऊन यावं.

किंग्सकोटनंतर शार्पथॉर्नचा बोगदा, ७३१ यार्ड. आतनं पाणी गळतं. धूर डब्यात येतो. खिडक्या बंद करा म्हणून सांगणारं कुणी नसलं तरी करा. बोगद्यातनं बाहेर पडलं की हॉर्स्टेड केन्स येतं.

पाच प्लॅटफॉर्मचं स्टेशन, आणि आजूबाजूला काय? शेतं आणि झाडं. गाव लांब आहे. एवढं मोठं स्टेशन रानात कशाला, असं सौ.नं विचारलं. हे जंक्शन होतं म्हणून. इथनं हेवर्ड्स हीथकडं एक फाटा जायचा, १९३५ साली त्यावर वीज आली, १९६३ साली तोही बंद पडला. गंमत अशी की १९६० साली ब्लूबेलची गाडी सुरू झाली तेव्हा या स्टेशनात ब्रिटिश रेल्वेच्या विजेच्या गाड्या येत होत्या आणि यांना आत यायची परवानगी नव्हती! स्टेशनच्या अलीकडं एक छोटा थांबा बांधून तिथंच गाडी संपवायची. इंजिन या टोकाचं त्या टोकाला न्यायला लूप नाही, म्हणून दोन्ही टोकांना एकेक इंजिन. दारात उभं राहून आतलं लग्न बघावं तशी पहिली वर्षं काढली बिचाऱ्यांनी.

प्रत्येक स्टेशन एकेका काळाचं ठेवलंय. शेफील्ड पार्क व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, किंग्सकोट १९५०च्या दशकातलं आणि हॉर्स्टेड केन्स दोन महायुद्धांच्या मधलं, सदर्न रेल्वेच्या दिवसांतलं. हिरवा आणि पिवळसर रंग. भिंतींवर एनॅमलच्या पत्र्याच्या जाहिराती. वाळूच्या लाल बादल्या. प्लॅटफॉर्मच्या खालनं भुयारी वाट. एका गाजलेल्या इंग्रजी टीव्ही मालिकेत हे स्टेशन दिसतं, त्यामुळं काही बायका विशिष्ट जागी उभ्या राहून फोटो काढत होत्या. मुलगीही त्यात होती.

सामानाच्या ढकलगाडीवर चामड्याच्या ट्रंका रचून ठेवल्या आहेत. त्या मला आवडल्या नाहीत. त्या ट्रंका कुणाच्याच नाहीत, कुणी न्यायला येणार नाही, त्यांना लेबल आहे पण पावती नाही. पार्सल ऑफिसात काम केलेल्या माणसाला बिनपावतीचं सामान प्लॅटफॉर्मवर बघवत नाही. दुसरं म्हणजे, फार स्वच्छ. स्टेशनावर झोपलेला माणूस नाही, शेळी नाही, ऊस चघळणारं पोरगं नाही. आणि गाडीतनं उतरणाऱ्या कुणालाच कुठं जायचं नसतं. सगळे परत येणार. लग्नाला, कोर्टाच्या तारखेला, दवाखान्यात निघालेला एकही माणूस नाही. हे सगळं खोटं आहे म्हणायला मी तयार होतो.

मग गाडी निघाली ते बघितलं.

प्लॅटफॉर्मवरचा माणूस गाडीच्या एका टोकापासून चालत आला. प्रत्येक दाराची पितळी मूठ आडवी बसलीय का ते बघत, आणि बघून भागत नाही म्हणून प्रत्येक दार तळहातानं दाबत. आत बसलेला एकजण त्याला काहीतरी विचारत होता. यानं हसून मान हलवली, पण दार दाबल्याशिवाय पुढं गेला नाही. सिग्नलचा हात हलला. गार्डनं शिट्टी दिली, हिरवी झेंडी दाखवली, इंजिनानं उत्तर दिलं. लोक हात हलवत होते, मोबाईल वर धरत होते, धुराकडं बघत होते. गाडी गेली आणि सगळे कँटीनकडं वळले. मी सिग्नलच्या केबिनकडं बघत होतो. केबिनच्या खिडकीत एक म्हातारा उभा होता. शेवटचा डबा त्याच्यासमोरनं गेला तेव्हा त्याची मान त्या डब्याबरोबर फिरली, त्याच्यामागचा दिवा त्यानं बघितला आणि मगच तो आत वळला. थोड्या वेळानं घंटीचे ठोके ऐकू आले.

रेल्वेतल्या लोकांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. गाडी पूर्ण गेली, मध्ये तुटून अर्धी मागं राहिली नाही, याचा पुरावा म्हणजे शेवटच्या डब्यामागचा दिवा. आपल्याकडं पाठीमागं 'एलव्ही'ची, म्हणजे 'लास्ट व्हेईकल'ची पाटी असते, तेही त्याचसाठी. तो बघितल्याशिवाय मागच्या स्टेशनाला गाडी पोचल्याचं कळवायचं नाही. रात्री पावसात, थंडीत, झोप डोळ्यावर असताना, हिरवा दिवा हातात धरून मी हे नोकरीभर केलं. ते बघायला कधी कुणी तिकीट काढून आलं नाही. इथंही त्या म्हाताऱ्याकडं कुणी बघत नव्हतं. कॅमेरे इंजिनाकडं होते. तरी त्यानं ते केलं, कारण ती गाडी खरी आहे, आत खरी माणसं आहेत, समोरनं दुसरी गाडी येणार आहे आणि लाईन एकेरी आहे. ट्रंका सजावटीच्या असतील. काम सजावटीचं नाही.

म्हणून पहिली गाडी जाऊ द्या म्हणालो.

प्लॅटफॉर्मवरच्या त्या टोपीवाल्या गृहस्थांशी मग बोलणं झालं. मी म्हणालो, मी इंडियात स्टेशन मास्तर होतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "कुठलं टोकन?" हवा-पाणी नाही, ताजमहाल नाही. कुठलं टोकन! टोकन म्हणजे एकेरी लाईनवर गाडी न्यायचा ड्रायव्हरचा परवाना. नील बॉल टोकन म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला, यंत्र कसं चालायचं ते त्यांना ऐकायचं होतं. दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, तारेनं जोडलेली. पलीकडच्या मास्तरनं संमती दिल्याशिवाय माझ्या यंत्रातनं लोखंडी गोळा बाहेर येणार नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडनं दुसरा निघणार नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला. न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर पळत्या इंजिनातनं हात बाहेर काढून ती रिंग खांद्यापर्यंत अडकवून घ्यायचा आणि मागच्या सेक्शनची रिंग खाली फेकायचा. ती रिंग रात्री काट्यात पडली की कंदील घेऊन शोधायची, कारण ती सापडून यंत्रात परत जाईपर्यंत लाईन मोकळी होत नाही. हे ऐकताना त्यांनी दोनदा मध्ये थांबवून बारीक प्रश्न विचारले. दोन्ही प्रश्न बरोबर होते. माझं इंग्रजी ऑफिसातलं, पण या विषयाला तेच लागतं. 'लाईन क्लियर', म्हणजे पुढची लाईन मोकळी, म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नव्हतं. स्टेशनात घंटा कशी होती, विचारलं त्यांनी. मी म्हटलं, रुळाचा तुकडा टांगलेला आणि लोखंडी टोला. त्यांना ते फार आवडलं.

पेशानं ते शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर इथं. आठवड्यातनं ठरलेला दिवस ड्यूटी, नियमांची परीक्षा द्यायची, पास झाल्यावरच प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं. पैसे नाहीत. सौ. इतका वेळ गप्प होती, ती मराठीत म्हणाली, "तुम्हाला पगार देत होते तरी कुरकुर करायचात." मी भाषांतर केलं नाही.

खाण्याचं. मधल्या प्लॅटफॉर्मवर जुनं उपाहारगृह आहे, लाकडी काउंटरचं. चहा मिळतो, बिअर मिळते, केक-स्कोन मिळतात. शाकाहारी माणसाचं सँडविचवर भागतं. अंडं चालत नसेल तर केकला हात लावण्याआधी विचारा. आम्ही सौ.नं केलेले धपाटे आणि शेंगाचटणी स्टेशनाशेजारच्या मोकळ्या जागेत बसून खाल्ली, आणि बाहेरचा डबा आणला म्हणून कुणी भुवई वर केली नाही. चटणीचा वास बघून एक कुत्रं आलं, पाठोपाठ त्याची मालकीण आली. तिनं चव घेतली. पाणी मागितलं.

याच स्टेशनाला लागून डबे दुरुस्तीचं वर्कशॉप आहे आणि वरनं बघायला गॅलरी केलीय. चुकवू नका. मेट्रोपॉलिटन रेल्वेचे १८९८ ते १९०० मधले सागवानी डबे यांच्याकडं आहेत, ते चालतात. सुतारकाम बघत मी बराच वेळ उभा होतो. रंगाच्या आधी लाकूड घासणारी एक मुलगी होती, वय माझ्या नातीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठं. इतर ठिकाणी सगळी डोकी पांढरी दिसली म्हणून तिला बघून बरं वाटलं.

इथं सोलापूर-बार्शीकडच्यांसाठी थोडं विषयांतर. बार्शी लाईट रेल्वे बांधणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप इंग्रज होते. १८९७ साली त्यांनी कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी गाडी सुरू केली, आणि मग त्याच गेजची, तिथल्याच अनुभवावर बेतलेली एक लाईन इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये बांधली, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची, १९०४ साली. म्हणजे बार्शीहून शिकून इंग्लंडात. तिच्या दोन इंजिनांपैकी एकावर त्यांचंच नाव होतं. ती लाईन १९३४ सालीच बंद झाली आणि आज तिथं पायवाट आहे. आपली बार्शी लाईट १९५४ साली सरकारनं घेतली आणि पुढं दोन हजार सालानंतर टप्प्याटप्प्यानं तिची मोठी लाईन झाली. ती गेली म्हणून रडणाऱ्यांतला मी नाही. आषाढीला पंढरपूरला टपावर बसून जाणारे वारकरी मी बघितलेत; लातूरहून रात्री बसून सकाळी मुंबईत उतरणाऱ्या माणसाला मोठी लाईनच हवी. एवढंच की स्टेशनातलं सामान भंगारात काढताना एखाद्या मास्तरला बोलावून विचारायला हवं होतं, यातलं काय ठेवायचं. यंत्र ठेवा म्हणून सांगितलं असतं. आणि ते चालवणारा माणूसही.

शेफील्ड पार्कला दुपारी गेलो. क्रिकेटवाल्यांनी हे नाव ओळखलं असेल. इथले जमीनदार लॉर्ड शेफील्ड ही लाईन आणणाऱ्यांपैकी एक होते, आणि त्यांनी दिलेल्या १५० पौंडांतनं ऑस्ट्रेलियातली शेफील्ड शील्ड ही क्रिकेटची ढाल झाली. स्टेशनात छोटं म्युझियम आहे, इंजिनांची शेड आहे. इथली सर्वांत जुनी इंजिनं टेरियर जातीची, खेळण्याएवढी; 'फेंचर्च' १८७२ सालचं, 'स्टेपनी' १८७५ सालचं. ती बांधणाऱ्या विल्यम स्ट्राउडली साहेबांनी इंजिनांना एक रंग ठरवून दिला होता, त्याचं अधिकृत नाव 'सुधारित इंजिन हिरवा', आणि तो चक्क हळदीसारखा पिवळा आहे. साहेबांना रंग दिसत नसावेत अशी दंतकथा आहे. हाताखालच्या कुणी त्यांना सांगितलं नाही, हे मला पटतं.

मला थांबवलं ते पुठ्ठ्याच्या तिकिटांनी. तीच लांबी, तीच रुंदी, तोच कडकपणा. खिडकीमागचं कप्प्याकप्प्यांचं कपाट, तिकीट खालनं ओढायचं, तारखेच्या यंत्रात घालायचं, खट्ट. हे तिकीट काढलं थॉमस एडमंडसन यांनी, १८३०च्या दशकात, आणि ते स्वतः न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवर मिल्टन नावाच्या छोट्या स्टेशनाचे मास्तर होते. पेशानं मूळचे सुतार-कपाटवाले. हातानं पावत्या लिहून कंटाळले आणि नंबर छापलेली तिकिटं केली. एका खेड्यातल्या मास्तरचा हा उद्योग पुढं कुर्डुवाडीच्या खिडकीत माझ्या हातात आला. रात्री हिशेब लावताना शेवटचा नंबर आणि पेटीतली रक्कम जुळली नाही की पदरचे भरायचे, हे मात्र म्युझियमच्या पाटीवर लिहिलेलं नाही.

इंजिन सोडतात-जोडतात ते इथं जवळनं बघता येतं. फायरमन बफरांच्या मध्ये वाकून आत गेला, व्हॅक्यूमचे पाईप सोडले, कपलिंगचा स्क्रू ढिला केला, कडी उचलून हुकातनं काढली, आणि बाहेर आल्यावरच हात वर केला. आमच्याकडच्या जुन्या डब्यांना हीच कपलिंग. मापं बदलली, रूळ आपल्यापेक्षा अरुंद, बाकी तो माणूस दौंडच्या यार्डात उभा केला असता तर कामाला लागला असता. शेजारचं हॉटेल बेसेमर बाईंच्या नावाचं आहे. कायद्याची पानं उलटणाऱ्या बाईचं नाव हॉटेलला देतात, हे मला आवडलं.

आता व्यवहाराचं. तिकीट स्वस्त नाही. जावयानं आकडा सांगितला नाही, मी त्याच्या मोबाईलवर बघितला आणि बघितला नाही असं दाखवलं. एवढ्या पैशात पुण्याहून सोलापूरला सगळं खटलं कितीदा गेलं असतं हा हिशेब मनात होतोच. पण कोळसा महाग झालाय, वेल्समधली फॉस-य-फ्रान खाण २०२३ साली बंद झाल्यापासून इथल्या हेरिटेज रेल्वेंना तो बाहेरून आणावा लागतो, आणि बॉयलरची दुरुस्ती तर विचारूच नका. मोटारीनं येणार असाल तर शेफील्ड पार्कला या, तिथं गाडी लावायला जागा आहे. ईस्ट ग्रिन्स्टेडला मोटार घेऊन जाऊ नका, तिकडनं यायचं ते रेल्वेनं. रोज गाड्या असतात असं नाही, हिवाळ्यात तर कमीच, म्हणून वेळापत्रक आधी बघा. एप्रिलच्या शेवटाला आणि मेच्या सुरुवातीला लाईनच्या कडेच्या जंगलात निळ्या फुलांचा सडा असतो, ज्यावरनं या रेल्वेला नाव पडलं, पण तेव्हा गर्दीही असते. पांढरा शर्ट घालू नका, आणि खिडकीतनं पुढं बघत डोकं काढू नका, कोळशाची पूड डोळ्यात जाते.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या ट्रंकांसाठी कापला. आणि निघायचं ते सकाळच्या पहिल्या गाडीनं. दुपारी पोचलात तर हॉर्स्टेड केन्सला गाडी जाऊ देण्याइतक्या गाड्या उरत नाहीत.